शाळा सुटलेल्यांनीं दहावीची परीक्षा कशी द्यावी



नागपुराच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यांत, खापरखेडा नांवाचें गांव आहे. कोळशावर चालणाऱ्या तेथील वीजकेंद्राच्या उंच चिमण्या फार दुरून दिसतात. आसपास कोळशाच्या खाणी निघाल्या, कामगारांच्या वसाहती झाल्या, आणि त्यांच्या पलीकडे कापसाचीं शेतें व संत्र्याच्या बागा पूर्वींप्रमाणेंच आहेत. अशा गांवांत दोन सोबती एकाच आळींत वाढतात. एक दहावी उत्तीर्ण होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत वीजतंत्रीचें काम शिकतो; दुसरा आठवींतून निघून ठेकेदाराकडे रोजंदारीनें राख उचलावयास जातो. अंगमेहनतींत दुसरा उणा नसतो, आणि बुद्धींतहि पुष्कळदां नसतो. बाप आजारी पडला, धाकट्या भावंडांस सांभाळावयास कोणी नव्हतें, शाळा दूर होती म्हणून मुलीस घरीं ठेविलें, लग्न झालें, अशा कारणांनीं शिक्षण मध्येंच तुटलें. पुढें वीस वर्षें तो मनुष्य असें समजून चालतो कीं, आपल्या हातून आतां कांहीं होणें नाहीं.

ही समजूत खरी नाहीं. वयाच्या तिसाव्या किंवा पन्नासाव्या वर्षींहि दहावीची परीक्षा देतां येते. वरची वयोमर्यादा तीस नाहीं. परंतु मोठेपणीं दिलेल्या परीक्षेंत अपयश येतें तें बहुधा एकाच कारणामुळें. उमेदवार दहावीचें पुस्तक उघडून तेथूनच आरंभ करितो, आणि त्याचें शिक्षण तर सहावींत किंवा आठवींत थांबलेलें असतें. मधल्या पायऱ्या रिकाम्या राहतात. यास्तव आजच्या पाठाचा मुख्य मुद्दा हाच आहे : ज्या पायरीवर शिक्षण थांबलें, त्याच पायरीपासून आरंभ करावा.

१. अशा परीक्षेची गरज कोठून उत्पन्न झाली

ज्यांचें शिक्षण परिस्थितीनें तोडलें त्यांच्यासाठीं निराळी वाट ठेवावी, हा विचार आपल्या प्रांतांत जुना आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८५५ सालीं पुण्यांत शेतकरी व मजूर यांच्यासाठीं रात्रीची शाळा काढली. दिवसा काम करणारास दिवसाची शाळा साधत नाहीं, हें साधें सत्य त्यांनीं ओळखिलें होतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं अमेरिकेंतहि हीच अडचण उभी राहिली. शाळा अर्धी टाकून हजारों तरुण सैन्यांत गेले होते; त्यांनीं परत येऊन लहान मुलांच्या बांकावर बसावें हें शक्य नव्हतें. म्हणून १९४२ सालीं तेथें माध्यमिक शाळेच्या बरोबरीची परीक्षा तयार करण्यांत आली, आणि १९४७ पासून न्यूयॉर्क राज्यानें ती इतर नागरिकांसहि खुली केली.

आपल्याकडे युद्धाच्या ऐवजीं पोटाची लढाई आहे, एवढाच फरक. जो शाळेंत बसूं शकला नाहीं, त्याची परीक्षा मात्र घ्यावी व ती उतरल्यास त्याला इतरांसारखाच मान द्यावा, हें तत्त्व दोन्हीकडे सारखें आहे. दहावीच्या प्रमाणपत्रानें एकदम मोठी नोकरी मिळते असें नाहीं. अंगणवाडी सेविकेच्या नेमणुकीसच राज्याच्या २०२३ च्या नियमांप्रमाणें बारावी लागते. पण बारावीची वाट दहावींतूनच जाते.

२. दारें कोणतीं आहेत

महाराष्ट्रांत मोठ्या माणसास दहावीसाठीं मुख्यतः दोन दारें आहेत.

पहिलें दार राज्याच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचें. या मंडळाचें नागपूर येथें विभागीय कार्यालय आहे, व खापरखेडा त्याच्याच कक्षेंत येतें. जो शाळेंत जात नाहीं तो येथें खाजगी विद्यार्थी म्हणून बसतो. त्याच्या अर्जास लोक ‘१७ नंबरचा फॉर्म’ म्हणतात. त्यासाठीं उमेदवार किमान पांचवी उत्तीर्ण असावा व त्याच्या वयाचीं १४ वर्षें पुरीं झालेलीं असावीं. शाळा सोडल्याचा दाखला, आधारपत्र व छायाचित्र हीं मुख्य कागदपत्रें. अर्ज संगणकावरून भरावयाचा असतो, आणि उमेदवारास एक संपर्क केंद्र शाळा नेमून मिळते. अर्जाची मुदत सामान्यतः पावसाळ्यांत असते, व परीक्षा पुढील फेब्रुवारी-मार्चमध्यें होते. नेमके दिवस व शुल्क दरवर्षीं मंडळ प्रसिद्ध करितें. तें जवळच्या माध्यमिक शाळेंत जाऊन वेळींच विचारावें. ही परीक्षा नियमित विद्यार्थ्यांचीच परीक्षा होय. प्रश्नपत्रिका तीच, तपासणी तीच. सर्व विषय एकाच वेळीं द्यावे लागतात, व एखाददुसरा राहिल्यास त्याच वर्षीं पुरवणी परीक्षा असते.

दुसरें दार राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचें. ही केंद्र सरकारची संस्था १९८९ सालीं स्थापन झाली. येथें पांच विषय उत्तीर्ण व्हावे लागतात, आणि ते एकदम द्यावे अशी सक्ति नाहीं. एकदां नांव नोंदविलें म्हणजे तें पांच वर्षें चालतें, व त्या अवधींत परीक्षेच्या नऊ संधि मिळतात. उत्तीर्ण झालेला विषय जमा राहतो. मराठींतूनहि हा अभ्यास करितां येतो. ज्या बाईला वर्षांत दोनच विषयांपुरता वेळ सांपडतो, किंवा जो मनुष्य पाळीनें काम करितो, त्याला हें दार सोयीचें आहे.

या दुसऱ्या दाराविषयीं एक सावधगिरीची सूचना आहे. तेथें गणित व विज्ञान न घेतांहि दहावी होतां येतें. हें ऐकून पुष्कळांस आनंद होतो. परंतु ज्याला पुढें वीजतंत्री व्हावयाचें आहे, त्यानें हे विषय सोडूं नयेत; कारण त्या शिक्षणक्रमाच्या प्रवेशास दहावींत गणित व विज्ञान असावें लागतें. तेव्हां पुढें कोठें जावयाचें हें अगोदर ठरवावें, मग विषय निवडावे.

ज्यांची पांचवीहि झालेली नाहीं, त्यांनीं निराश होऊं नये. राज्याचें मुक्त विद्यालय मंडळ पांचवीच्या व आठवीच्या बरोबरीच्या परीक्षा घेतें. त्यांचा आरंभ तेथून होऊं शकतो.

कागदपत्रांविषयीं दोन शब्द. शाळा सोडल्याचा दाखला हरवला असेल तर प्रथम जुन्या शाळेंत जाऊन दुसरी प्रत मागावी. विवाहित स्त्रियांच्या दाखल्यावर माहेरचें नांव व आधारपत्रावर सासरचें नांव असतें. हा फरक अर्ज भरण्यापूर्वींच संपर्क केंद्र शाळेंत दाखवून काय करावें तें विचारून घ्यावें. मुदतीच्या शेवटल्या दिवशीं या गोष्टी सुधारत नाहींत.

३. आपली पायरी कशी ओळखावी

अर्ज भरण्यापूर्वीं उमेदवारानें आपली परीक्षा आपणच घ्यावी. त्यास एक संध्याकाळ पुरे.

पहिल्यानें वर्तमानपत्रांतील एक परिच्छेद मोठ्यानें वाचावा व पुस्तक मिटून त्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगावा. दुसऱ्यानें, ग्रामपंचायतीस नळाच्या पाण्याविषयीं दहा ओळींचें पत्र कोणाच्या मदतीवांचून लिहावें. तिसऱ्यानें चार उदाहरणें सोडवावीं : ७ गुणिले ८, ९३६ भागिले १२, तीनचतुर्थांश अधिक एकषष्ठांश, आणि ८०० चे शेंकडा १५. उत्तरें अनुक्रमें ५६, ७८, अकरा बाराव्या भाग व १२० अशीं आलीं, तर पाया ठीक आहे. भागाकारांत अडलें तर चौथीचें पुस्तक आणावें. अपूर्णांकांत अडलें तर पांचवी-सहावीचें. शेंकडेवारींत अडलें तर सातवीचें. घरांतील मुलांचीं जुनीं पुस्तकें येथें कामास येतात, आणि बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें संगणकावर किंवा हातांतील मोबाइलवर विनामूल्य उघडून पाहतां येतात.

चाळीस वर्षांच्या मनुष्यानें चौथीचें पुस्तक हातीं धरावें यांत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं. ठाणे जिल्ह्यांतील फांगणे या गांवीं २०१६ च्या ८ मार्च रोजीं ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली, आणि साठीसत्तरीच्या बाया पाटी घेऊन मुळाक्षरें गिरवूं लागल्या. मोठ्या माणसास एक मोठा लाभहि असतो. मुलाला जें सहा महिन्यांत समजतें, तें बाजारहाट केलेल्या माणसास पुष्कळदां सहा आठवड्यांत समजतें. कारण व्याज, वजन, माप व मजुरी यांचा हिशेब तो तोंडीं करीतच असतो. तोंडचा हिशेब कागदावर उतरविण्यास शिकणें एवढेंच त्याचें काम असतें.

ज्याला या चाचणींत बरेंच अडलें, त्यानें त्या वर्षीं अर्ज भरण्याची घाई करूं नये. एक वर्ष पायास द्यावें, दुसरें वर्ष दहावीस द्यावें. दोन वर्षांनीं उत्तीर्ण होणें हें तीनदां नापास होण्यापेक्षां लवकरचें काम आहे.

४. विषयांचा अभ्यास

राज्य मंडळाच्या परीक्षेंत तीन भाषा, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्रें हे विषय असतात, व प्रत्येकास १०० गुण. भाषांची लेखी परीक्षा ८० गुणांची असते. गणिताचे बीजगणित व भूमिति असे ४० गुणांचे दोन भाग. विज्ञानाचेहि तसेच दोन भाग. आणि समाजशास्त्रांत इतिहास व राज्यशास्त्राचा एक व भूगोलाचा एक. प्रत्येक विषयाचे उरलेले २० गुण तोंडी अथवा अंतर्गत कामाचे. संपर्क केंद्र शाळेंत या २० गुणांची चौकशी आरंभींच करावी. खाजगी विद्यार्थी पुष्कळदां इकडे दुर्लक्ष करितात.

भाषा. भाषेच्या प्रश्नपत्रिकेंत उतारा छापलेला असतो व त्याखालीं प्रश्न असतात. उत्तर बहुधा त्या उताऱ्यांतच असतें. म्हणून आधीं प्रश्न वाचावे, मग उतारा, मग पुनः प्रश्न. पत्र, सारांश, बातमी व निबंध हे लेखनाचे प्रकार आहेत. आठवड्यांतून दोन लिहावे व कोणा शिकलेल्या माणसाकडून तपासून घ्यावे. इंग्रजीची भीति सर्वांत मोठी असते. जर अक्षरेंच डळमळीत असतील, तर पांचवीचें इंग्रजी पुस्तक घ्यावें, रोज पांच शब्द व दोन वाक्यें लिहावीं. दोनशें दिवसांत हजार शब्द होतात.

गणित. येथें पाठांतर उपयोगी पडत नाहीं; हातानेंच सोडवावें लागतें. दहावीच्या पुस्तकांत ‘अंकगणिती श्रेढी’ म्हणून एक प्रकरण आहे. त्याचेंच उदाहरण घेऊं. एका बाईनें पहिल्या आठवड्यांत ५ गणितें सोडविलीं व पुढें दर आठवड्यास २ वाढविलीं. विसाव्या आठवड्यांत तिनें किती सोडविलीं? पहिलें पद ५, वाढ २. म्हणून ५ अधिक १९ गुणिले २, म्हणजे ४३. वीस आठवड्यांत मिळून किती? पहिलें व शेवटलें पद मिळवून ४८, त्यास विसाच्या निम्म्यानें, म्हणजे १० नें गुणिलें; ४८०. या उदाहरणांत सूत्र आहे आणि अभ्यासाची रीतीहि आहे. आरंभीं पांचच गणितें जमलीं म्हणून जी बाई खचली नाहीं, तिची वही वर्षाअखेर भरलेली असते.

विज्ञान. खापरखेड्याच्या रहिवाशास हा विषय दारांतच शिकावयास मिळतो. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागांत ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हा पाठ आहे, व त्यांत औष्णिक वीजकेंद्राची कृति विचारिली जाते. कोळसा जळतो, त्याच्या उष्णतेनें बॉयलरमध्यें पाण्याची वाफ होते, वाफेच्या जोरानें टर्बाइन फिरतें, त्याला जोडलेलें जनित्र फिरून वीज उत्पन्न होते. म्हणजे कोळशांतील रासायनिक ऊर्जेची उष्णता, उष्णतेची गति, आणि गतीची वीज. जो त्या आवारांत पाळीवर जातो त्यानें हें रोज पाहिलें आहे. त्याला केवळ नांवें शिकावयाचीं आहेत. खापरखेडा केंद्रांत २१० मेगावॅटचे चार व ५०० मेगावॅटचा एक असे संच आहेत. बेरीज १३४० मेगावॅट. त्यांपैकीं मोठा संच पूर्ण शक्तीनें एक तास चालला तर किती युनिट वीज होईल? एक मेगावॅट म्हणजे हजार किलोवॅट. म्हणून ५०० गुणिले १०००, म्हणजे ५ लाख युनिट. असे प्रश्न आपणच करून सोडवावे.

जनित्र ज्या नियमावर चालतें तो विद्युत चुंबकीय प्रवर्तनाचा नियम मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं शोधिला. हाहि दहावीच्या अभ्यासाचाच भाग आहे. हा फॅरडे एका लोहाराचा मुलगा. शाळेचें शिक्षण त्याला थोडेंच मिळालें, व चौदाव्या वर्षीं तो लंडनमध्यें पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारीस लागला. बांधावयास आलेलीं पुस्तकें तो वाचूं लागला, आणि तेथूनच त्याच्या विद्येचा आरंभ झाला. सर्वांना फॅरडे होतां येणार नाहीं. पण शाळा सुटली म्हणजे शिकणेंहि सुटलें असें मानण्याचें कारण नाहीं.

इतिहास, राज्यशास्त्र व भूगोल. येथें सर्व पुस्तक घोकूं नये. प्रत्येक पाठ वाचून त्यावर पांच प्रश्न आपणच लिहावे, दुसऱ्या दिवशीं पुस्तक न पाहतां उत्तरें लिहावीं. जें आठवलें नाहीं तेवढेंच पुनः वाचावें.

५. वेळ कोठून आणावा

जून-जुलैंत पेरणी व निंदण, दिवाळीपासून कापसाची वेचणी, आणि परीक्षेच्याच वेळीं हरभरा व गहू यांची काढणी. शेतकऱ्याच्या वर्षांत रिकामा महिना नसतो. खाणीवरील व वीजकेंद्रावरील कामगारास पाळी बदलते. म्हणून ‘वेळ मिळेल तेव्हां वाचीन’ असें म्हणणारा कधींच वाचीत नाहीं. दिवसांतून एक तास ठरवावा. पाळी बदलली तर तासाची जागा बदलावी, तास मात्र सोडूं नये. रविवारीं दोन तास जुन्या प्रश्नपत्रिकेस द्यावे. ही प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, एका बैठकींत, लेखणीनें लिहावी. बरीच वर्षें ज्यानें लिहिलें नाहीं त्याचा हात अर्ध्या तासांत दुखतो. ज्ञान असूनहि उत्तरें अपुरीं राहतात. ही संवय परीक्षेपूर्वीं तीन महिने लावावी लागते.

घरच्यांची मदत येथें फार महत्त्वाची आहे. सुनेनें पुस्तक घेतलें तर सासूनें तासभर चूल सांभाळावी. बायको शिकत असेल तर नवऱ्यानें पाणी भरावें. मुलांनीं आईस पाढे विचारावे. त्यांत मुलांचेहि पाढे पक्के होतात. तिघांचौघांनीं मिळून बसावें, म्हणजे एकाचें मन मागें सरलें तरी दुसरा त्याला ओढून आणतो.

६. विकत मिळणारा दाखला

‘परीक्षेस न बसतां दहावीचा दाखला मिळवून देतों’ असें सांगणारे लोक असतात. ते बहुधा मोठ्या शहरांतील एखाद्या लांबलचक नांवाच्या मंडळाचें पत्र दाखवितात व हजारों रुपये मागतात. वाचकहो, अशा माणसास दारांत उभें करूं नका. नोकरी देणारें कार्यालय आणि प्रवेश देणारी संस्था प्रमाणपत्राची पडताळणी करितें. खोटें ठरलें तर नोकरी जाते, पैसे जातात, आणि फौजदारी खटला होतो. दाखला ज्याच्या नांवावर तो मनुष्य अडकतो. विकणारा दुसऱ्या गांवीं गेलेला असतो. कोणत्याहि मंडळाविषयीं शंका आली तर नागपूरच्या विभागीय मंडळांत किंवा शिक्षणाधिकारी कार्यालयांत विचारल्यावांचून एक रुपयाहि देऊं नये. जी परीक्षा देतां मनुष्याला आपल्या अज्ञानाचा शोध लागत नाहीं, ती त्याला ज्ञानहि देत नाहीं.

७. जे शिकलेले आहेत त्यांनीं काय करावें

गांवोगांव शिकविण्याचें काम करणाऱ्या बंधुभगिनींस व शिक्षकांस हा शेवटला शब्द. आपल्या गांवांत ज्यांची शाळा अर्धी सुटली अशांचीं नांवें एका वहींत लिहावीं. अर्जाच्या मुदतीपूर्वीं एक महिना त्यांच्या घरीं जावें, दाखले शोधण्यास मदत करावी, व अर्ज भरतांना सोबत बसावें. आठवड्यांतून दोन रात्रीं दिवा व एक खोली मिळाली तरी वर्ग चालतो. शिकवितांना मोठ्या माणसास लहान मुलासारखें दटावूं नये. त्यानें एकदां शाळेंत अपमान सोसला असेल. दुसऱ्यांदां सोसावयास तो येणार नाहीं. चूक झाली तर ती वहींत दाखवावी, चारचौघांत बोलूं नये. आणि कोणी नापास झाला तर निकालाच्या दिवशींच त्याच्या घरीं जावें. कारण पुरवणी परीक्षेचा अर्ज करण्यास दिवस थोडे असतात, व त्याच दिवसांत मनुष्य दार लावून बसतो.

अभ्यासाकरितां प्रश्न

१. आपलें शिक्षण कोणत्या इयत्तेंत थांबलें, व चाचणींतील कोणतें उदाहरण आपणांस अडलें?

२. आपणांस पुढें काय व्हावयाचें आहे? त्यासाठीं गणित व विज्ञान लागतें काय? मग दोन दारांपैकीं आपलें दार कोणतें?

३. दिवसांतील कोणता एक तास आपण राखून ठेवाल, व तो राखण्यास घरांतील कोणाची मदत मागाल?

४. पहिल्या आठवड्यांत ४ पानें, व पुढें दर आठवड्यास ३ वाढवून वाचलीं, तर दहाव्या आठवड्यांत किती पानें होतील? दहा आठवड्यांत मिळून किती? (उत्तरें : ३१ व १७५.)

५. आपल्या गांवांतील अशा एका व्यक्तीचें नांव मनांत आणा, जिची शाळा अर्धी राहिली. येत्या आठवड्यांत तिच्या घरीं कोण जाईल?